फोन भारतात बनला म्हणून स्वस्त होणार नाही, मग मागायचं काय?

पुढचा आयफोन कितीला येणार यावर आत्तापासूनच जोरात चर्चा चालू आहे. फोल्डवाला, म्हणजे घडी होणारा आयफोन येणार, तो दोन हजार डॉलरच्या घरात जाणार, साधं मॉडेल पुढं ढकलणार, मेमरी महागली म्हणून सगळ्यांचेच दर चढणार, रोज काहीतरी नवीन. आणि या सगळ्यात आपल्याकडं एक वाक्य हमखास कानावर पडतं, राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात उभं राहा नाहीतर कॉलेजच्या कट्ट्यावर, "भावा, आता भारतातच बनतोय न्हवं, मग स्वस्त व्हायलाच पायजे."

हे वाक्य मला खोडून काढायचंय. बोलणाऱ्याला कमी लेखायचं म्हणून नाही, तर या आशेपायी आपण जे मिळणार नाही त्याची वाट बघत बसलोय आणि जे मागितलं तर मिळू शकतं ते कुणी मागतच नाही म्हणून.

आधी आकडे बघूया, कारण आकडे उघडे आहेत आणि कॅल्क्युलेटर प्रत्येकाच्या खिशात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आला, अमेरिकेत ७९९ डॉलरपासून आणि भारतात ८२,९०० रुपयांपासून. लोक लगेच म्हणाले बघा, आपल्याला किती महाग. पण अमेरिकेतल्या किमतीत तिथला सेल्स टॅक्स धरलेला नसतो आणि आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आत असतो. तो काढला तर ८२,९०० चे राहतात साधारण ७०,२५०. आणि तेव्हाच्या ८८ रुपयांच्या भावानं ७९९ डॉलर म्हणजे ७०,३०० च्या आसपास. म्हणजे टॅक्स बाजूला ठेवला तर साध्या मॉडेलची किंमत दोन्हीकडं जवळजवळ एकच आहे! हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आता प्रो, म्हणजे वरचं महागडं मॉडेल बघा. १७ प्रो तिकडं १,०९९ डॉलर, इकडं १,३४,९००. जीएसटी काढा, राहतात १,१४,३०० रुपये. १,०९९ डॉलरचे होतात ९६,७००. फरक साडेसतरा हजारांचा. एकच कंपनी, एकच देश, एकच महिना, एकच डॉलरचा भाव, आणि एका मॉडेलवर फरक शून्य आणि दुसऱ्यावर साडेसतरा हजार.

कुणी म्हणेल प्रो इंपोर्ट होत असेल, कस्टम ड्युटी लागत असेल. ते २०२३ पर्यंत खरं होतं. १५ प्रो आला तेव्हा तयार फोनवर २० टक्के ड्युटी होती, त्यावर परत अधिभार, आणि तेव्हा १५ प्रोची किंमत १,३४,९०० होती, तेव्हाच्या डॉलरच्या भावानं हाच हिशेब केला तर अमेरिकेपेक्षा ३१ हजारांनी जास्त. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये ड्युटी २० वरून १५ वर आली आणि त्याच वर्षी प्रो मॉडेलचं असेंब्लीही भारतात सुरू झालं. मग १६ प्रो १,१९,९०० ला आला. पंधरा हजार कमी झाले, हे मान्य करायलाच पाहिजे, भारतात बनवण्याचा फायदा तेवढा एकदा मिळाला. पण फरक शून्यावर आला का? नाही, १७-१८ हजारांवर येऊन थांबला आणि १७ प्रोलाही तिथंच आहे. ड्युटीचं कारण विरत गेलं, फरक राहिला.

का राहिला? माझं मत असं आहे, आणि मी ते ठामपणे मांडतो, की किंमत खर्चावरून ठरतच नाही. ती ठरते समोरचा माणूस किती सोसू शकतो त्यावर. साधा आयफोन घेणाऱ्यापुढं सॅमसंग आहे, वनप्लस आहे, गुगलचा पिक्सेल आहे, पाच हजार वाढवले तर तो उठून जाईल, म्हणून तिथं कंपनी हात आवरता घेते. प्रो घेणारा उठून जाणार नाही, त्यानं आधीच ठरवलेलं असतं. मग त्याच्याकडून घेतात. यात बेकायदेशीर काही नाही आणि मी त्याला लूटही म्हणणार नाही, धंदा करणारा प्रत्येक माणूस जमेल तिथं हेच करतो. पण मग "इथं बनला म्हणजे स्वस्त" या बोलण्याला आधारच उरत नाही ना.

खरं तर ही गोष्ट कोल्हापूरला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शिरोलीत, गोकुळ शिरगावला, कागलच्या एमआयडीसीत फौंड्री चालवणाऱ्या नाहीतर मशीनिंगचं जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा. गाडीच्या कंपनीचा पर्चेसवाला कॉस्टिंगची अख्खी शीट मागतो, पिग आयर्न किती, स्क्रॅप किती, लाईट बिल किती, रिजेक्शन किती टक्के धरलं, सगळं उघडं करायचं, आणि मग त्यावर तुम्हाला किती मार्जिन ठेवायचं ते तो सांगतो आणि वर दर वर्षी रेट थोडा कमी करून मागतो. इथलं कास्टिंग ज्या गाडीत जातं ती गाडी कोल्हापूरच्या शोरूममध्ये पुण्यापेक्षा स्वस्त मिळते का? कधी मिळाली का? कास्टिंग इथं झालं म्हणून गाडी इथं स्वस्त होईल असं फौंड्रीवाला स्वप्नातही म्हणणार नाही, कारण मार्जिन ज्याचं नाव गाडीवर आहे त्याच्याकडं राहतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

फोनमध्ये अगदी तसंच आहे, फक्त आकडे मोठे. फॉक्सकॉन, म्हणजे जी कंपनी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला आयफोन जुळवते, तिचं सगळ्या धंद्याचं ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून माल तयार करायचा थेट खर्च काढल्यावर उरतं ते, सहा टक्क्यांच्या आसपास असतं. कर्नाटकात नरसापूरचा विस्ट्रॉनचा कारखाना टाटांनी घेतला, तिथलंही काम जुळवणीचंच. आणि ज्याचं नाव फोनवर आहे त्या ॲपलचं ग्रॉस मार्जिन २०२५ च्या आर्थिक वर्षात ४७ टक्क्यांच्या जवळ, विक्री ४१६ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा ११२ अब्ज डॉलर. सहा आणि सत्तेचाळीस. जुळवणीचा कारखाना चीनमधून भारतात आला म्हणजे ते सहा टक्के तिकडून इकडं सरकले, बाकीच्याला कुणी हात लावलेला नाही.

इथं एक गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे कारण यावर फार चुकीचं पसरवलं जातं. दरवर्षी फोन खोलून आतल्या सुट्या भागांची किंमत काढतात आणि मग "इतक्या डॉलरचा फोन इतक्याला विकतात" असे मेसेज फिरतात. सुट्या भागांची बेरीज म्हणजे फोनचा खर्च नव्हे. ॲपलचा संशोधनावरचा खर्च एका वर्षात ३४ अब्ज डॉलरच्या वर गेलाय, सॉफ्टवेअर आहे, चिपचं डिझाईन आहे, पाच-सहा वर्षं अपडेट देणं आहे, हे सगळं त्या बेरजेत येत नाही. त्यामुळं त्या मेसेजवर राग काढण्यात अर्थ नाही. कंपनीनं स्वतः दिलेल्या हिशेबातच पुरेसं आहे, बघायचं असेल तर.

आणि त्या हिशेबातली सगळ्यात महत्त्वाची ओळ फोनची नाहीच. वस्तू विकून ॲपलला मार्जिन मिळतं ३७ टक्क्यांच्या आसपास, आणि सर्व्हिसेसमधून, म्हणजे आयक्लाउड, ॲप स्टोअरचं कमिशन, जाहिराती, गाण्यांची वर्गणी वगैरे, त्यातून मिळतं ७५ टक्के. या सर्व्हिसेसची वर्षाची विक्री १०० अब्ज डॉलरच्या पुढं गेली. अमेरिकेतल्या कोर्टात गुगलवर जो खटला चालला त्यात बाहेर आलं की फक्त सफारीत, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरमध्ये, गुगल सर्च आधीपासून लावून ठेवण्यासाठी गुगलनं ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले. म्हणजे तुम्ही फोनचे पैसे एकदाच भरले असं तुम्हाला वाटतं, पण त्या फोनवर तुम्ही काय शोधता त्यावरही दरवर्षी कमाई चालू असते.

म्हणून नवीन फोनचा अंदाज बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सुरुवातीची किंमत बघत बसू नका, तो फक्त पोस्टरवरचा आकडा आहे. स्टोरेजच्या पायऱ्या बघा. १६ च्या वेळी १२८ वरून २५६ जीबीवर जायला दहा हजार रुपये जास्त लागायचे. १७ ला कंपनीनं १२८ बंदच केलं आणि २५६ पासून सुरू केलं, त्यामुळं पोस्टरवर किंमत तीन हजारांनी वाढली पण २५६ घेणाऱ्याला फोन सात हजारांनी स्वस्त पडला. प्रोमध्ये उलटं झालं, २५६ वाला १,२९,९०० चा १,३४,९०० झाला. परत तेच, जिथं माणूस हलतो तिथं सूट, जिथं हलत नाही तिथं वाढ.

पुढच्या वेळचा माझा अंदाज यावरूनच आहे. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे दर एआयच्या डेटा सेंटरमुळं जोरात चढलेत, हा बोजा कुठंतरी टाकावा लागणार. साध्या मॉडेलच्या सुरुवातीच्या आकड्याला कंपनी शक्य तेवढा धक्का लावणार नाही असं मला वाटतं, वाढ येईल ती वरच्या स्टोरेजला आणि प्रोला. आणि फोल्डवाला खरंच दोन हजार डॉलरच्या घरात आला तर तो किती खपतो हा मुद्दा दुसरा, पहिला परिणाम असा होईल की सव्वा-दीड लाखाचा प्रो लोकांना मधला वाटायला लागेल. २०१७ ला आयफोन टेन ९९९ डॉलरला आला तेव्हा जग ओरडलं होतं, आज ९९९ चा फोन कुणाला धक्का देत नाही. एकदा छत वर गेलं की ते खाली येत नाही.

आपल्याकडं हे छत वर जायला अजून एक गोष्ट हातभार लावते ती म्हणजे हप्ता. दुकानात आता किंमत कुणी विचारतच नाही, महिन्याला किती पडतील ते विचारतात, टेबलावर फायनान्सवाला बसलेलाच असतो. पंचवीस हजार पगाराचा पोरगा चोवीस महिन्यांच्या हप्त्यावर प्रो घेतो. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे व्याज नाही असा समज आहे, तर व्याज असतंच, ते आधी डिस्काउंट म्हणून वळतं केलेलं असतं आणि क्रेडिट कार्डवर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. मला त्या पोरांचा राग येत नाही, चांगली वस्तू हातात असावी असं कुणाला वाटत नाही? पण हप्त्यामुळं सोसायची ताकद वाढलेली दिसते आणि किंमत ठरवणारा नेमकी तीच ताकद मोजत असतो. पाच हजारांची वाढ चोवीस हप्त्यांत महिन्याला दोनशे रुपये होते आणि दोनशेसाठी कोण मागं फिरणार.

मग स्वस्तातले फोन घ्या असं सोपं उत्तर देतात. तिथंही हिशेब वेगळा नाही. शाओमीनं २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांच्या वर निव्वळ नफा घेणार नाही. ऐकायला भारी, पण मग कमाई इंटरनेट सेवा आणि जाहिरातींतून, म्हणून तर स्वस्त फोनमध्ये फाईल उघडायला गेलं तरी जाहिरात येते. एका ठिकाणी पैसे आधी घेतात, दुसऱ्या ठिकाणी नंतर घेतात. कुठला बरा हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर आधी घेणारा बरा, निदान बिल हातात मिळतं.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. कंपनीनं किंमत कमी करावी असं मी म्हणणार नाही, तो तिचा अधिकार आहे आणि सरकारनं फोनची किंमत ठरवावी असं तर मुळीच म्हणणार नाही. पण इथं एक गोष्ट आहे जी आपण विसरतो. भारतात फोन बनतायत ते नुसत्या कंपनीच्या मर्जीनं नाही. २०२० मध्ये केंद्रानं मोबाईलसाठी पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना आणली, वाढीव विक्रीवर साधारण चार ते सहा टक्के प्रोत्साहन, आणि सुरुवातीला तिच्यासाठी जवळपास ४१ हजार कोटींची तरतूद होती. हा पैसा जुळवणी करणाऱ्या कंपन्यांना जातो, ॲपलला थेट नाही, हे खरं. त्यातून रोजगार आले, तमिळनाडू कर्नाटकात हजारो पोरी त्या कारखान्यांत काम करतात, निर्यात वाढली, हे सगळं चांगलंच झालं आणि आपल्याकडंही असं काहीतरी यायला पाहिजे होतं असं मला नेहमी वाटतं. पण पैसा तुमचा माझा आहे, चंदगडच्या शेतकऱ्याचा आहे, ज्यानं रिचार्जवर जीएसटी भरला त्याचा आहे. मग त्या बदल्यात ग्राहक म्हणून काहीतरी मागायचा अधिकार आपल्याला आहे की नाही?

आहे. आणि मागायचं ते किंमत नव्हे, दुरुस्ती.

कारण फोन घेतल्यानंतरचा खरा भुर्दंड तिथं आहे. डिस्प्ले फुटला, बॅटरी गेली, चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला, की कंपनीचा अस्सल पार्ट बाहेर सहज मिळत नाही, लोकल पार्ट टाकला तर आयफोन स्क्रीनवर मेसेज दाखवतो की पार्ट ओळखीचा नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तर ॲपलनं स्वतः कबूल केलं की जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग सॉफ्टवेअरनं कमी केला जात होता. त्यावर जगभर ओरड झाली आणि मग काय झालं बघा, बॅटरी बदलायचा दर अमेरिकेत ७९ वरून २९ डॉलर आणि भारतात साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर आणला. साडेसहाचे दोन! ओरडलं तर मिळतं याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही. चार्जिंगच्या केबलचंही तेच, युरोपनं कायदा केला म्हणून २०२३ मध्ये आयफोनला टाईप सी आलं आणि घरातल्या सगळ्यांची केबल एक झाली. फोनची किंमत कुणीच पाडू शकलं नाही, पण बॅटरी आणि केबल लोकांनी आणि कायद्यानं बदलून घेतली.

युरोपात २० जून २०२५ पासून अजून पुढचा नियम आलाय. मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, तेही पाच ते दहा कामाच्या दिवसांत, आणि विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि फोनच्या लेबलवर तो दुरुस्तीला किती सोपा आहे याची श्रेणी छापायची. तोच फोन, त्याच कंपन्या. तिथं जमतंय तर इथं न जमायला काय झालं? आपल्याकडं ग्राहक व्यवहार विभागानं २०२४ मध्ये यासाठी समिती नेमली होती, मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला, फोन आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्तीचे मार्क द्या, सुटे भाग, माहिती, अवजारं, अपडेट या सगळ्यावरून, अशी शिफारस त्यात आहे. पण फोनची चर्चा करणाऱ्या पोरांमध्ये या अहवालाचं नावही निघत नाही, कॅमेऱ्याचा उंचवटा किती मिलीमीटर वाढणार यावर मात्र तासभर बोलतात.

याचा कोल्हापूरशी थेट संबंध आहे. कंपनीचं स्वतःचं दुकान आपल्याला सगळ्यात जवळ म्हणजे पुण्यात कोरेगाव पार्कला, तेही २०२५ ला झालं. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या माणसाला अधिकृत डिस्प्लेसाठी कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठायला लागतं, एक दिवसाचा रोजगार बुडतो आणि गाडीभाडं वेगळं. उलट प्रत्येक तालुक्याच्या गावात फोन खोलणारी हुशार पोरं आहेत, आयटीआय केलेली, मायक्रोस्कोपखाली बोर्डवरचं सोल्डरिंग करणारी. त्यांना कंपनीचा पार्ट रीतसर दरात मिळाला, दुरुस्तीची माहिती उघडी झाली, तर त्या पोरांचं दुकान चालेल आणि तीन वर्षांचा फोन सहा वर्षं चालेल. ऐंशी हजारांचा फोन तीनऐवजी सहा वर्षं चालला तर वर्षाला सत्तावीस हजार पडायचे ते तेरा-साडेतेरावर येतात, मधल्या बॅटरीचे पैसे तेवढे वेगळे. एवढी सूट कुठली कंपनी कुठल्या दसऱ्याला देणार आहे?

कंपन्या म्हणतात की बाहेरच्यानं फोन खोलला तर सुरक्षेचा प्रश्न येतो, चोरीच्या फोनचे पार्ट फिरतात. चोरीचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावता येणार नाही. पण त्यावर उपाय चोरीच्या फोनचा पार्ट ओळखून अडवणं हा आहे, आणि ते सॉफ्टवेअरमधून करता येतं हे ॲपलनंच २०२४ च्या अपडेटमध्ये दाखवलं, वापरलेला पण अस्सल पार्ट बसवायची सोय दिली आणि हरवलेल्या म्हणून लॉक केलेल्या फोनचे पार्ट अडवले. म्हणजे जमतं.

त्यामुळं पुढच्या लाँचच्या आधी कुठल्या खासदाराला, कुठल्या ग्राहक पंचायतीला काही लिहायचं असेल तर फोन स्वस्त करा असं लिहू नका. समितीनं सांगितलेले दुरुस्तीचे मार्क बंधनकारक कधी करणार ते विचारा, आणि पीएलआयचा पुढचा हप्ता ज्या फोनच्या विक्रीवर दिला जाईल त्या फोनचे सुटे भाग सात वर्षं तालुक्याच्या दुकानदारालाही विकत मिळतील ही अट घाला म्हणून सांगा. दुकानाच्या बोर्डवर ८२,९०० च्या शेजारी ते मार्कही लिहिलेले दिसले पाहिजेत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.